अंगावरचे मेण आणि कामगंध

विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या शेतात काठीला बांधलेले कामगंध सापळे आता सर्रास दिसतात. वर छोटे छत्र, खाली प्लास्टिकची लांब पिशवी आणि छत्राखाली मादीच्या गंधाची वडी. त्या गंधाच्या ओढीने आलेले गुलाबी बोंडअळीचे नर पतंग पिशवीत अडकतात. सलग तीन रात्री एकेका सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले, तर फवारणीचा निर्णय घ्यावा, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. त्या वडीतले रसायन १९७३मध्ये ओळखले गेले आणि आज ते कारखान्यात तयार होते. मात्र रसायन ओळखल्याने सगळे प्रश्न सुटत नाहीत. मादीचे शरीर ते बनवते कसे? तीच जनुके अंगात असूनही नर ते का बनवत नाही? आणि जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या प्रजातीची मादी भलतेच रसायन का वापरते? या प्रश्नांची सर्वांत तपशीलवार उत्तरे एका वेगळ्याच कीटकात मिळाली आहेत. जास्त पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी, लाल डोळ्यांची, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची माशी, म्हणजे ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. आंब्याच्या बागायतदारांना छळणारी फळमाशी ती ही नव्हे. ती दुसऱ्या कुळातली, आणि तिच्यासाठी लावतात त्या सापळ्यातले मिथाइल युजेनॉल हे वनस्पतींत आढळणारे, नरांना खेचणारे द्रव्य आहे. तो मादीचा गंध नाही. ड्रॉसोफिला पिकाचे फारसे काही बिघडवत नाही. तिने दिले आहे ते ज्ञान.

या ज्ञानातून जे चित्र उभे राहते, ते आपल्या नेहमीच्या समजुतीला धक्का देणारे आहे. ‘अमुक गुणाचे जनुक सापडले’ अशा बातम्या आपण वारंवार वाचतो, त्यामुळे मादीच्या कामगंधाचेही एखादे खास जनुक असेल आणि ते फक्त मादीकडेच असेल, असे वाटणे साहजिक आहे. पुरावा याच्या उलट सांगतो. माशीचा कामगंध ही मुळात प्रणयासाठी उभारलेली वेगळी यंत्रणा नाही. अंगातले पाणी उडून जाऊ नये म्हणून प्रत्येक माशी, नर असो वा मादी, त्वचेवर मेणाचा पातळ थर चढवते. हा थर बनवणाऱ्या जुन्याच यंत्रणेत दोन-तीन पायऱ्यांवर फेरफार झाला आणि त्या मेणातून नर-मादीची व प्रजातीची ओळख तयार झाली. या फेरफाराचे मर्म जनुक असण्या-नसण्यात नाही. ते जनुक कोणत्या पेशीत, कोणाच्या शरीरात आणि किती चालते, यात आहे.

माशीच्या प्रणयाचा अभ्यास तसा जुना. टॉमस हंट मॉर्गन यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला तो १९१०मध्ये. त्यांचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने १९१५मध्येच या माश्या जोडीदार कसा ओळखतात याच्या प्रयोगांवर लेख लिहिला. नराचे वागणे ठरावीक क्रमाने चालते. तो मादीकडे वळतो, तिच्या मागे जातो, पुढच्या पायाने तिच्या अंगाला हलकेच स्पर्श करतो, एक पंख बाहेर काढून थरथरवतो, सोंडेने तिला चाटतो आणि मग मीलनाचा प्रयत्न करतो. यातला पायाचा स्पर्श पाहणाऱ्याला किरकोळ वाटेल, पण सारा निर्णय बऱ्याच अंशी तिथे होतो. माशीच्या पायावर चवीचे केस असतात आणि त्या एका स्पर्शात नर मादीच्या अंगावरचे मेण चाखतो. ही रसायने जड असतात, हवेत फारशी उडत नाहीत. म्हणून आपण कामगंध म्हणत असलो, तरी माशीच्या बाबतीत तो बहुतांशी जवळून घेण्याचा आहे. पतंगाच्या मादीसारखे तिचे बोलावणे दूरवर जात नाही. फ्रान्समधले संशोधक झाँ-मार्क झालों यांनी १९८४मध्ये या रसायनांचा पहिला नीटस हिशेब मांडला. मादीच्या अंगावर प्रामुख्याने ७,११-हेप्टाकोसाडाईन आणि ७,११-नोनाकोसाडाईन असते, नराच्या अंगावर ७-ट्रायकोसीन. नावे बोजड असली तरी त्यांतला फरक सोपा आहे. पहिल्या रेणूत २७ कार्बन अणूंची साखळी असते, दुसऱ्यात २९ची, आणि दोन्हींत दोन ठिकाणी दुहेरी बंध. नराच्या रेणूत २३ कार्बन आणि एकच दुहेरी बंध. मादीची दोन रसायने नराला उत्तेजित करतात; ७-ट्रायकोसीन इतर नरांना परतवून लावते.

म्हणजे नर आणि मादी यांच्यातला रासायनिक फरक साखळीच्या लांबीचा आणि दुहेरी बंधांच्या संख्येचा आहे. हा फरक कोठे पडतो ते पाहण्यासाठी निर्मितीचा क्रम समजून घ्यायला हवा. सुरुवात होते ती १६ कार्बनच्या साध्या मेदाम्लापासून, जे जवळपास प्रत्येक सजीवाच्या पेशीत असते. डीसॅट-१ या जनुकापासून बनणारे विकर या साखळीत पहिला दुहेरी बंध घालते. हे काम नर-मादी दोघांतही होते, आणि हे विकर केवळ गंधासाठी नाही; शरीरातल्या इतर चरबीच्या घडणीतही त्याचा वाटा आहे. मादीत यापुढे डीसॅट-एफ नावाचे जनुक दुसरा दुहेरी बंध घालते. मग साखळी लांबवणारी विकरे कामाला लागतात आणि दर खेपेला दोन कार्बन जोडतात. नरात साखळी साधारण २४ कार्बनवर थांबते. मादीत एलो-एफ नावाचे, तिच्यातच चालणारे जनुक ती २८ किंवा ३० कार्बनपर्यंत नेते. शेवटच्या टप्प्यात सायप-४जी-१ हे विकर साखळीच्या टोकाचा एक कार्बन काढून टाकते आणि उरतो तो शुद्ध हायड्रोकार्बन, म्हणजेच मेण. २८ मधून एक गेला की २७, ३० मधून एक गेला की २९, २४ मधून एक गेला की २३. झालोंच्या यादीतले आकडे असे नेमके जुळतात. क्लोद विकेर-तोमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ आणि २००७मध्ये मादीतले डीसॅट-एफ आणि एलो-एफ यांचे काम वेगवेगळे दाबून पाहिले. डीसॅट-एफ दाबल्यावर दोन दुहेरी बंधांची रसायने जवळजवळ नाहीशी झाली. एलो-एफ दाबल्यावर दुहेरी बंध राहिले पण साखळ्या आखूड झाल्या. दोन्ही वेळा नरांचा उत्साह कमी झाला. दोन विकरे, दोन वेगळी कामे, आणि दोन्ही मिळून मादीची ओळख.

आता खरा प्रश्न येतो. डीसॅट-एफ आणि एलो-एफ ही दोन्ही जनुके नराच्या प्रत्येक पेशीतही आहेत. ती गुणसूत्रांच्या अशा जोड्यांवर आहेत ज्या दोघांत सारख्याच असतात. मग नरात ती गप्प का? याचे उत्तर माशीच्या लिंगनिश्चितीत आहे. सस्तन प्राण्यांत लैंगिक संप्रेरके रक्तातून सर्व शरीरभर फिरून पेशींना नर किंवा मादी बनवतात. माशीत तसे नाही. तिथे प्रत्येक पेशी आपल्यापुरता निर्णय घेते. मादीच्या पेशीत सेक्स-लीथल हे जनुक चालू होते, ते ट्रान्सफॉर्मर या जनुकाला कामाला लावते आणि ट्रान्सफॉर्मरमुळे डबलसेक्स या तिसऱ्या जनुकाचे प्रथिन मादीच्या घडणीचे बनते. नरात ट्रान्सफॉर्मर निष्क्रिय राहते आणि त्याच डबलसेक्सपासून नराच्या घडणीचे प्रथिन तयार होते. पेशी-पेशींचा हा स्वतंत्र कारभार प्रयोगकर्त्यांच्या पथ्यावर पडला, कारण शरीराचा एकच भाग मादीचा आणि बाकी सगळा नराचा, अशी माशी घडवता येते. झाँ-फ्रान्स्वा फेरव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये नेमके हेच केले. पोटाच्या त्वचेखाली ईनोसाइट नावाच्या मोठ्या पेशींची रांग असते. नरांच्या या पेशींत त्यांनी ट्रान्सफॉर्मर चालू केले. ते नर दिसायला नर, पण त्यांच्या अंगावर मादीची रसायने चढली आणि इतर नर त्यांच्यामागे प्रणयाराधन करत फिरू लागले. मेण कोठे बनते आणि त्याचे लिंग कोठे ठरते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच प्रयोगाने दिले. जनुकशास्त्रात इतके स्वच्छ निकाल फार वेळा मिळत नाहीत.

ट्रान्सफॉर्मरपासून डीसॅट-एफपर्यंतचा शेवटचा दुवा २००९मध्ये जुळला. ट्रॉय शिरांगी, शॉन कॅरल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की डबलसेक्सचे मादीच्या घडणीचे प्रथिन थेट डीसॅट-एफच्या शेजारच्या नियंत्रक भागात, डीएनएच्या एका छोट्या खुणेवर जाऊन बसते आणि ते जनुक चालू करते. नराच्या घडणीचे प्रथिन हे करू शकत नाही. माझ्या मते या संशोधनाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. त्यांनी ड्रॉसोफिलाच्या २४ प्रजाती तपासल्या. काहींत डीसॅट-एफ फक्त मादीत चालते, काहींत नर-मादी दोघांत, काहींत कोणातच नाही; काही प्रजातींत तर जनुकच मोडकळीस आले आहे. हे बदल एकमेकांपासून स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा झाले आहेत. जिथे मादीपुरते चालणारे जनुक दोघांत चालू लागले, तिथे डबलसेक्सची खूण नाहीशी झालेली दिसली. विकर तेच राहिले. त्याच्या शेजारची काही अक्षरे बदलली आणि साऱ्या प्रजातीच्या ओळखीची पद्धत पालटली. ‘कामगंधाचे जनुक’ हा शब्दप्रयोग अपुरा वाटतो तो यामुळे.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. गंध इतका महत्त्वाचा असेल, तर तो पूर्ण काढून टाकल्यावर प्रणय थांबायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही. १९९९मध्ये फेरव्हर यांच्या गटाने जवळपास सर्व ज्ञात रसायने गमावलेल्या माश्या तयार केल्या आणि नर त्यांच्याकडे उत्साहाने गेले. २००९मध्ये झाँ-क्रिस्तॉफ बिलेतेर, जोएल लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी ईनोसाइट पेशीच नष्ट केलेल्या माश्या बनवल्या. त्यांच्या अंगावर मेण नव्हतेच, तरी नरांना त्या अधिकच आकर्षक वाटल्या. बिनमेणाच्या नरांमागेही इतर नर लागले. मग ७,११-हेप्टाकोसाडाईनला कामगंध म्हणायचे कशाच्या आधारावर? उत्तर त्याच प्रयोगाच्या पुढच्या भागात आहे. बिनमेणाच्या मेलॅनोगॅस्टर मादीकडे सिम्युलन्ससारख्या दुसऱ्या प्रजातींचे नरही जाऊ लागले, जे एरवी तिला स्पर्श करून मागे फिरतात. तिच्या अंगावर केवळ ७,११-हेप्टाकोसाडाईन लावले आणि परक्या नरांसाठी दार पुन्हा बंद झाले. म्हणजे नराचा मूळ कल कोणत्याही माशीसदृश गोष्टीकडे झुकण्याचा असतो. मेणातली रसायने त्या कलाला कोठे आवरायचे आणि कोठे मोकळे सोडायचे ते ठरवतात. गंधाचे काम मुख्यतः ओढण्याचे आहे ही समजूत आपण पतंगांवरून घेतली. माशीत ओळख पटवणे आणि चुकीच्या जोडीला अडवणे हेही तितकेच मोठे काम आहे. हा आक्षेप गंधाचे महत्त्व कमी करत नाही, त्याचे काम काय याची आपली व्याख्या सुधारतो.

मेणाचे मूळ काम प्रणयाचे नाही, या विधानालाही पुरावा हवा. २०१२मध्ये सायप-४जी-१चे काम ईनोसाइट पेशींत दाबून पाहिले गेले. हे विकर शेवटच्या टप्प्यावर असल्याने ते दाबले की सगळे हायड्रोकार्बन एकदम आटतात. त्या माश्या कोरड्या हवेत फार लवकर मेल्या. जोडीदाराला जी ओळख पटते ती ज्या थरातून, तोच थर माशीला सुकून मरण्यापासून वाचवतो. आता विचार करा. कोरड्या प्रदेशात राहायला लागलेल्या माश्यांच्या मेणाची घडण हवामानाच्या दडपणाखाली बदलली, तर प्रणयाची ओळखही आपोआप बदलेल. ही केवळ कल्पना नाही. ऑस्ट्रेलियात ड्रॉसोफिला सेराटा ही प्रजाती निरनिराळ्या अधिवासांत आढळते, तर तिची नातलग ड्रॉसोफिला बर्ची दमट वर्षावनांपुरती मर्यादित आहे. सेराटाच्या मेणात फांदीदार हायड्रोकार्बन भरपूर असतात, बर्चीच्या मेणात नाममात्र. हेन्री चुंग आणि शॉन कॅरल यांच्या गटाने २०१४मध्ये हा फरक एम-एफएएस नावाच्या एका जनुकापर्यंत नेऊन भिडवला. सेराटाच्या ईनोसाइट पेशींत हे जनुक दाबले की तिची कोरडेपणा सोसण्याची ताकद घटते आणि नरांना मीलनात मिळणारे यशही घटते. बर्चीत ते जनुक गप्प पडले ते त्याच्या शेजारच्या नियंत्रक भागातल्या बदलामुळे. तगून राहणे आणि जोडीदार मिळणे या दोन गोष्टी एकाच जनुकावर टेकलेल्या असल्या, तर एका प्रजातीच्या दोन प्रजाती होण्याचा मार्ग सोपा होतो. हवामानाने एका बाजूला ओढले की प्रणयही त्याच बाजूला जातो. या साऱ्या विषयातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तरीही इथे घाई करून चालणार नाही, हे डीसॅट-२च्या कहाणीवरून दिसते. जगभर पसरलेल्या मेलॅनोगॅस्टर माद्यांच्या अंगावर ७,११ जातीचे रसायन असते, पण आफ्रिकेतल्या आणि कॅरिबियनमधल्या अनेक माद्यांवर त्याऐवजी ५,९-हेप्टाकोसाडाईन असते. २०००मध्ये हा फरक डीसॅट-२ या जनुकाशी जोडला गेला. हे विकर १६ऐवजी १४ कार्बनच्या मेदाम्लावर काम करते आणि त्यामुळे दुहेरी बंधांची जागा सरकते. पुढच्याच वर्षी असे आढळले की जगभरच्या माश्यांत या जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागातली केवळ १६ अक्षरे गळाली आहेत आणि तेवढ्याने जनुक बंद पडले आहे. इथपर्यंत सगळे पक्के आहे. त्यात भर पडली ती झिम्बाब्वेतल्या माद्यांच्या एका सवयीची. त्या इतर प्रदेशांतल्या नरांना नाकारतात. मग २००३मध्ये असा दावा झाला की डीसॅट-२मधल्या बदलाने थंडी आणि उपासमार सोसण्याची क्षमताही बदलते, म्हणजे आफ्रिकेबाहेर पडलेल्या माश्यांनी थंडीशी जुळवून घेताना गंध बदलला आणि त्यातूनच दोन गटांत अंतर पडू लागले. कथा इतकी सुबक होती की ती पटकन सर्वत्र पोहोचली. पण जेरी कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००६मध्ये थंडीचे ते प्रयोग पुन्हा केले तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. दुसरी अडचण तर्काची आहे. डीसॅट-२ मादीचा गंध बदलते, पण झिम्बाब्वेच्या बाबतीत नकार देते ती मादी. नर फारसे निवडक नाहीत. मादीचा गंध बदलल्याने मादीची निवड का बदलावी, याचे उत्तर त्या कथेत नाही. १६ अक्षरांनी गंध बदलतो, हे निर्विवाद. त्याच १६ अक्षरांनी नवी प्रजाती घडू लागली, हे सिद्ध झालेले नाही. सेराटाचा पुरावा मी वर अधिक विश्वासाने मांडला, कारण तिथे एकच जनुक दाबून दोन्ही परिणाम एकाच माशीत दाखवले गेले आहेत.

आणखी दोन शंकांना थोडक्यात उत्तर देतो. पहिली शंका अशी, की सगळे कामगंध मेणातून येत नाहीत. हे खरे आहे. सिस-व्हॅक्सेनिल अॅसिटेट हे नराचे प्रसिद्ध रसायन त्याच्या वीर्यवाहिनीजवळच्या एका कंदात बनते, मीलनात मादीवर उतरते आणि नंतर येणाऱ्या नरांना थोपवते. नराच्या स्पर्शिकेतल्या ओआर-६७डी या ग्राहकाला ते कळते, हे २००७मध्ये व्हिएन्नातल्या बॅरी डिक्सन यांच्या गटाने दाखवले. त्याच ग्राहकातून मादीला ते कळते तेव्हा तिची तयारी मात्र वाढते. पण या रेणूची सुरुवातही साध्या मेदाम्लातूनच होते, त्यामुळे मूळ मुद्द्याला बाध येत नाही. दुसरी शंका परिस्थितीची. माशीचे वय, दिवसाची वेळ, सोबत, यांनी मेणाची घडण बदलते. ईनोसाइट पेशींत स्वतःचे जैविक घड्याळ असते आणि डीसॅट-१चे काम त्यानुसार कमी-जास्त होते. नराभोवती कोण आहे यावरही त्याचे रसायन थोडे बदलते, असे जोशुआ क्रप आणि लेव्हिन यांनी २००८मध्ये मांडले. हा जनुकांविरुद्धचा पुरावा नाही. जनुके चालू-बंद होऊ शकतात म्हणूनच परिस्थितीला त्यांच्यापर्यंत पोहोचता येते.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र अजून बाकी आहे, आणि तो गंध घेणाऱ्याचा आहे. एखाद्या मादीचा गंध बदलला आणि नरांची आवड जुनीच राहिली, तर तिला जोडीदार मिळणार नाही आणि तो बदल तिच्याबरोबरच संपेल. मग गंध बदलले तरी कसे? १९६०-७०च्या दशकांपासून एक आकर्षक तोडगा चर्चेत होता. गंध बनवणे आणि ओळखणे ही दोन्ही कामे एकाच जनुकाकडे असतील, म्हणजे दोन्ही एकदम बदलतील. डीसॅट-१वरच्या कामाने या कल्पनेला काही काळ बळ दिले, कारण त्यातल्या एका उत्परिवर्तनाने गंधाची निर्मितीही बिघडली आणि नरांना नर-मादीतला फरक ओळखणेही जड जाऊ लागले. पण फेरव्हर यांच्याच गटाने २०१२मध्ये दाखवून दिले की ही दोन कामे वेगवेगळ्या ऊतींत होतात; डीसॅट-१च्या निरनिराळ्या नियंत्रक भागांवर ती अवलंबून असतात आणि एकाला धक्का न लावता दुसरे बिघडवता येते. एकाच जनुकाचे नाव दोन्हीकडे आले, तरी यंत्रणा एक नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या व्हेनेसा रूटा यांच्या गटाने २०१८मध्ये नराच्या बाजूची गोष्ट उलगडली. मेलॅनोगॅस्टरचा नर असो वा सिम्युलन्सचा, दोघांच्याही पुढच्या पायावरच्या चेतापेशींना ७,११-हेप्टाकोसाडाईन सारखेच कळते. फरक पुढे मेंदूत पडतो. प्रणयाला चालना देणाऱ्या पी-१ नावाच्या चेतापेशींपर्यंत उत्तेजन देणारा आणि आवर घालणारा असे दोन मार्ग जातात; मेलॅनोगॅस्टरमध्ये उत्तेजनाचा मार्ग भारी ठरतो, सिम्युलन्समध्ये आवर घालणारा. जीभ तीच, पण निवाडा उलटा. इथेही नवा अवयव किंवा नवा ग्राहक घडवावा लागला नाही, जुन्या जोडणीतला तोल बदलला. गंध बनवणाऱ्या बाजूला जी गोष्ट डीसॅट-एफने सांगितली, तीच ओळखणाऱ्या बाजूला मेंदूने सांगितली. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे, थोड्याथोड्या बदलांनी सरकू शकतात, आणि नराचा मूळ कल उदार असल्याने थोड्या वेगळ्या गंधाच्या मादीला अगदीच जोडीदार मिळत नाही असे होत नाही. आक्षेपाचे पूर्ण निराकरण यातून होते असा माझा दावा नाही. पण एका जादुई जनुकाची गरज त्यामुळे उरत नाही.

माश्यांवरून माणसांपर्यंत उडी मारण्याचा मोह बाजारात फार दिसतो. ‘फेरोमोन’ असल्याचे सांगून अत्तरे विकली जातात. माणसात कामगंधाचे काम करणारे एकही रसायन आजवर नि:संदिग्धपणे सिद्ध झालेले नाही. माशीवर हे ज्ञान उभे राहिले ते रसायन वेगळे केल्यामुळे, जनुक दाबल्यामुळे आणि रसायन परत लावून परिणाम परत आणून दाखवल्यामुळे. या तिन्ही कसोट्या ज्या दाव्याने ओलांडल्या नाहीत, त्यावर पैसे खर्च करू नयेत.

हे सगळे आपल्यापासून फार दूरचे आहे, असेही कोणी समजू नये. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. १९७०च्या दशकात त्यांनी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास आणि चव यांत दोष असलेल्या ड्रॉसोफिला माश्या शोधून काढल्या. माशीच्या नाकामागची जनुके शोधण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या कामांत त्याची गणना होते. दुर्दैवाने आपल्या महाविद्यालयांत ही माशी अजूनही मुख्यतः पांढऱ्या डोळ्यांपुरती शिकवली जाते. त्या उदाहरणातून एक जनुक म्हणजे एक गुण, अशी समजूत पक्की होते आणि पुढे ती पुसता येत नाही. कामगंधाचे उदाहरण तिच्या शेजारी ठेवले, तर विद्यार्थ्याला नियंत्रक भाग म्हणजे काय, पेशीचे लिंग म्हणजे काय, हे एकाच प्राण्यात समजेल. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर यांवर ही माशी बाटलीत वाढते. २५ अंश सेल्सियसला अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला सुमारे दहा दिवस लागतात. कोशातून बाहेर पडल्यावर आठ तासांच्या आत माद्या वेगळ्या काढल्या, त्या तीन-चार दिवसांच्या झाल्यावर त्यांच्यात नर सोडला आणि हातात भिंग घेतले, की पुढच्या पायाचा तो स्पर्श स्पष्ट दिसतो. आपल्याकडच्या फळांवर मेलॅनोगॅस्टरबरोबर ड्रॉसोफिला अॅनानासीही सहज मिळते. या दोन प्रजातींच्या नर-माद्या एकत्र ठेवून प्रणय नेमका कोणत्या पायरीवर तुटतो, याची नोंद पदवीचे विद्यार्थी एका सत्रात करू शकतील. प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी हा प्रयोग येत्या वर्षीच्या प्रात्यक्षिकांत घ्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.